रिकाम्या देव्हाऱ्यापुढचा दिवा

लताबाईंच्या देव्हाऱ्यात देव नाहीत हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आणि तरीही रोज दिवेलागणीला तिथं निरांजन लागतं, हेही. जवळजवळ पाच वर्षं असंच चाललं होतं. दोन कळसांचा सागवानी देव्हारा, आत लाल कापड अंथरलेलं, आणि त्या कापडावर काहीच नाही. खंडोबाचा, देवीचा, बहिरोबाचा आणि घराण्यातल्या दोन वीरांचा, असे चांदीचे पाच टाक जिथं उभे असायचे तिथं कापडाचा रंग जरा गडद राहिला होता. तेवढीच काय ती खूण.

"कुणाला हात जोडतीस गं?" शेजारच्या विमलाबाईंनी एकदा न राहवून विचारलं होतं. "कापडाला?"

"जागेला," लताबाई म्हणाल्या.

विमलाबाईंच्या घरी बुद्धाची मूर्ती होती, पौर्णिमेला वंदना होई. त्यामुळे दुसऱ्याच्या देवाबद्दल त्या सहसा बोलत नसत. पण पंचवीस वर्षांचा शेजार. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा निम्मा दिवस लताबाईंच्या पायरीवरच जाई. त्या पायरीवरून एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. लताबाईंचे यजमान धोंडीराम तिथं थर्मलमध्ये फिटर होते. धूर कुठल्या बाजूला चाललाय ते बघून ते सांगायचे, आज दुपारी वारा सुटणार, कपडे आत घे. आता धूर कुठंही गेला तरी वाळत घालायला एकच लुगडं असे.

रोज सकाळी सहाला लताबाई घराला कुलूप लावून नाशिकरोड स्टेशनजवळच्या एका खानावळीत जात आणि दुपारपर्यंत बाजरीच्या भाकरी थापत. घरी येऊन आधी टीव्ही लावत. बघायला नाही, घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. मग मोबाईल उघडत. सिन्नरला राहणारी सून निकिता आपल्या मोबाईलवर स्टेटस ठेवी: नात सृष्टी शाळेच्या स्नेहसंमेलनात, सृष्टी सायकलवर, सृष्टीचा पडलेला दात. मुलगा अश्विन पाच वर्षांत एकदाही बोलला नव्हता. केलेला फोन उचलत नसे, स्वतःहून करत नसे. निकिताही बोलत नसे. पण तिनं लताबाईंचा नंबर काढून टाकला नव्हता. स्टेटस कुणी कुणी पाहिलं ते समोरच्याला कळतं, हे लताबाईंना विमलाबाईंच्या मुलीनं सांगितलं होतं. तेव्हापासून नवीन फोटो आला की त्या पदरानं हात कोरडे करून मगच तो उघडत. जणू कुणाच्या घरी चालल्यात.

फोटोत नातीला पोटभर बघून झालं की त्यांची नजर तिच्या मागं जाई. भिंत, फ्रिज, शोकेस, खिडकी. कुठं देव्हारा दिसतोय का? पाच वर्षांत एकदाही दिसला नव्हता.

कारण घरातले देव अश्विन घेऊन गेला होता. दारणा नदीत सोडतो म्हणाला होता. सोडले की नाही, हे लताबाईंना माहीत नव्हतं.

*

ही गोष्ट सुरू झाली सात वर्षांपूर्वीच्या चंपाषष्ठीला.

धोंडीरामांचे वडील होते तोवर दर चंपाषष्ठीला त्यांच्या अंगात खंडोबाचं वारं येई. ते गेले, आणि आता देव कुणाच्या अंगात येणार याची सगळी भावकी वाट बघत राहिली. धोंडीराम हसत. "मी फिटर माणूस," म्हणत, "माझ्या अंगात आला तर देवाच्या हातात पाना द्यावा लागंल."

त्या दिवशी तळी भरायला घरात पाच माणसं जमली होती. खंडोबाच्या तळीला माणसं विषम लागतात. तीन, पाच, सात. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा म्हणजे हळद घालायची, सगळ्यांनी मिळून ताम्हण धरायचं आणि येळकोट करत तीनदा उचलायचं. धोंडीराम, भावकीतले थोरले पुंजाराम आणि गल्लीतले तिघं. अश्विन सिन्नरच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. निकिता वर्षाच्या सृष्टीला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

दुसऱ्यांदा ताम्हण उचललं आणि धोंडीरामांचा उजवा हात एकदम सैल पडला. ताम्हण कलंडलं, भंडारा सगळीकडं उडाला. ते गुडघ्यावर बसले. ओठ एका बाजूला ओढला गेला, लाळ गळायला लागली आणि तोंडातून नुसते आवाज यायला लागले, शब्द नाहीत.

"देव आला!" पुंजाराम ओरडले. "अरे, देव आला! म्हाताऱ्याचं वारं पोराकडं आलं!"

मग काय विचारता. त्यांना पाटावर बसवलं. कपाळाला, गळ्याला, छातीला भंडारा माखला. गल्ली गोळा झाली. एकेक जण पाया पडून आपापलं गाऱ्हाणं घालू लागला: पोरीचं लग्न, जावयाची दारू, विहिरीचं पाणी. निकितानं लताबाईंचा पदर ओढला. "आई, बाबांचं काहीतरी वेगळंच होतंय. डॉक्टरांना बोलवू या का?"

"गप," लताबाई म्हणाल्या. "देव उभा हाय समोर."

आणि त्यांनीही पाटावर डोकं टेकून विचारलं, "देवा, माझ्या पोराचं स्वतःचं घर कधी व्हईल?" धोंडीरामांनी त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या नजरेत तेव्हा लताबाईंना मल्हारी दिसला होता. आता ती नजर आठवली की त्यात फक्त धोंडीराम दिसत. घाबरलेले, आणि बायकोकडं काहीतरी मागणारे.

निकितानं आत जाऊन गुपचूप नवऱ्याला फोन लावला. अश्विन पोचेपर्यंत दीड तास गेला. दारातून आत आला, बापाचं तोंड बघितलं आणि किंचाळलाच. "अरे, हात बघा त्यांचा! हात बघा! लकवा मारलाय बाबांना!"

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले की आणखी लवकर आणायला पाहिजे होतं.

पुढं दोन वर्षं धोंडीराम खाटेवर होते. ना उजवा हात परत आला, ना बोलणं. अश्विन रोज कामावरून येऊन बापाचं सगळं करी. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. आईशी मात्र कामापुरतं बोले. गोळ्या कुठायत, पाणी गरम आहे का. लताबाई समोर आल्या की त्याचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा होई. आणि धोंडीरामांच्या तेराव्याला, जेवणारे पाहुणे अजून हात धूत होते तेव्हा, तो देव्हाऱ्याकडं गेला, मांडणीवरचा हाताला लागेल तो डबा घेतला आणि पाचही टाक त्यात घातले.

"हे मी दारणेत सोडतो. या घरात पुन्हा कुणाला देव येणार नाही."

लताबाईंनी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठं होतं?

त्याच आठवड्यात तो बायको-पोरीला घेऊन सिन्नरला गेला. गल्लीही हळूहळू यायची बंद झाली. त्या दिवशी पाया पडलेल्यांना आता त्या दारात यायला जड जाई. पुंजाराम तर लताबाई समोरून दिसल्या की चपलेचा अंगठा तुटल्यासारखं वाकून उभे राहत, त्या पुढं जाईपर्यंत.

पहिले चार महिने त्या देव्हाऱ्यापुढं दिवा लागला नाही. देवावर राग होता. पण राग धरायलाही कुणीतरी समोर लागतं. एकदा संध्याकाळी धूळ पुसता पुसता हातानं सवयीनं वात लावली, आणि लताबाई त्या रिकाम्या कापडापुढं बसून तासभर भांडल्या. एवढ्या वर्षांची सेवा, उपास, चातुर्मासात वांगं-कांदा शिवलं नाही, आणि तू तुझ्याच दिवशी, तुझ्याच तळीवर हे केलंस? मी चुकले तर मला मारायचं, त्यांना का? दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडल्या. मग रोजच. वर्षभरानं कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की भांडण कमी झालंय आणि गप्पा वाढल्यात. आज भाकरीचं पीठ विरी गेलेलं होतं, थापताना भाकरी तुटत होती. आज सृष्टीनं दोन वेण्या घातल्या होत्या.

"का केलंस" हे विचारणं त्यांनी तिसऱ्या वर्षी सोडलं. उत्तर मिळालं म्हणून नव्हे. सारखं विचारून आपण त्याला बोलूच देत नाही, असं त्यांना वाटायला लागलं. त्यानंतर त्यांचं मागणं एकच राहिलं. ते त्या मोठ्यानं म्हणत, टीव्ही बंद करून.

"यातनं तुला काय घडवायचं असंल ते घडव. मला नाय कळलं तरी चालंल. फक्त माझ्या पोराला त्यातनं बाहेर टाकू नको."

*

चंपाषष्ठी दरवर्षी येई. लताबाई भरीत करत, रोडगा भाजत, कांद्याची पात चिरत, ताम्हण मांडत. आणि ताम्हण तसंच राही. उचलायला माणसं नव्हती.

"एक बी विषमच की," विमलाबाई एका वर्षी पायरीवरून म्हणाल्या. "शाळेत शिकवलंय आम्हाला. उचल एकटी."

"एकटीनं उचललं तर ते ताट उचलणं झालं विमल. तळी नाय."

"मी हात लावला असता गं. पण आमच्यात नाही चालत, तुला माहीत हाय."

"तू बस ना नुसती. बसलीस तरी लय झालं."

विमलाबाई बसल्या. भरीत मात्र त्यांनी दोनदा मागून घेतलं.

यंदा चंपाषष्ठीला संपणारं देवाचं षड्‌रात्र जवळ आलं तसा विमलाबाईंनीच विषय काढला. "लता, नवे टाक कर बाई. तू काय अशी जन्मभर फडक्याला हळद वाहणार? सराफ बाजारात घडवून देतात, माझ्या जावेच्या शेजारणीनं केलेत."

लताबाईंनी हे आधी मनात आणलं नव्हतं असं नाही. पण घरात नवे टाक घडवायचे म्हणजे जुने संपले असं आपणच म्हणायचं. देव वेगळे झाले की घर वेगळं झालं; मग ते जोडायला कुणी येत नाही. एवढे दिवस त्यांनी ती जागा रिकामी ठेवली होती ती यासाठीच. पण यंदा गुडघे दुखायला लागले होते, खानावळीत उभं राहवत नव्हतं, आणि आपल्यामागं या देव्हाऱ्यापुढं दिवा कोण लावणार हा विचार आता रोज येई. शेवटी धोंडीरामांचं चांदीचं कडं रुमालात बांधून त्या सराफ बाजारात गेल्या.

म्हातारा सोनार गादीवर बसला होता. त्यानं कडं हातात घेऊन फिरवलं, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "जुने टाक कुठायत, मावशी?"

लताबाईंनी रुमाल गादीवर सरळ केला.

"झिजले असतील तर आणा. त्यातली थोडी चांदी नव्यात घालावी लागते. भाऊबंद वेगळे झाले असतील तर त्यांचे त्यांच्याकडं, तुमचे नवे. पाण्यात सोडले असतील तर त्याचं आधी वेगळं करून घ्यावं लागतं, ते भटजी सांगतील. यातलं कोणतं?"

"तेच माहीत नाय," लताबाई म्हणाल्या.

सोनारानं चष्मा काढला, त्यांच्याकडं नीट बघितलं. मग कडं पुन्हा रुमालात ठेवून त्यांच्यापुढं सरकवलं. "मग आधी माहीत करून घ्या. असले अर्धवट देव मी घडवत नाही. बाकी ज्याचे देव त्याला विचारायला लाज कसली?"

परतताना रिक्षात लताबाईंना घाम फुटला होता, ऐन थंडीत. लाज नव्हती ती. उत्तराची भीती होती. न विचारता पाच वर्षं त्या जगल्या, कारण न विचारलं तोवर देव कुठंतरी होते.

*

चंपाषष्ठीच्या दिवशी त्यांनी खानावळीत सुट्टी सांगितली. सकाळी निखाऱ्यावर वांगी भाजली, रोडगा केला, पातीची जुडी निवडली. सगळं डब्यात भरलं आणि सवयीनं भंडाऱ्याची पुडीही पिशवीत टाकली.

"फोन करून जा," विमलाबाई बसस्टँडपर्यंत सोडायला आल्या होत्या.

"फोन केला तर नको म्हणंल."

"आणि दारात गेल्यावर नको म्हणाला तर?"

"तर मला बघून म्हणंल ना."

"पत्ता तरी हाय का?"

पत्ता होता. जूनमध्ये निकितानं सृष्टीचा नव्या दप्तरासकटचा फोटो ठेवला होता, सोसायटीच्या फाटकापुढं. फाटकावरचं नाव अर्धं सृष्टीच्या डोक्यामागं होतं. बाकीचं अर्धं लताबाईंनी फोटो मोठा करून करून वाचलं होतं.

बस सुटली. चेहेडीला दारणेचा पूल आला तशा त्या खिडकीला चिकटल्या. खाली पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर पसरला होता. पाणी दिसतच नव्हतं. याच पुलावरून अश्विन गेला होता, डबा घेऊन. बस पुलावर असेपर्यंतच वेळ होता. लताबाईंनी हात जोडले.

"खाली असशील तरी तूच," त्या पुटपुटल्या, "आणि वर असशील तरी तूच. मी विचारून येते, तू रागवू नको."

शेजारची बाई जरा सरकून बसली.

सिन्नरला उतरून त्यांनी चारदा पत्ता विचारला. दुसरा मजला. दारावर अश्विनच्या नावाची पाटी. पोराचं स्वतःचं घर. लताबाई त्या पाटीकडं बघत राहिल्या. पाटावर डोकं टेकून विचारलेला प्रश्न आठवला. मग त्यांनी बेल दाबली.

दार निकितानं उघडलं. "आई!" म्हणाली, आणि बाजूला झाली. आतून आठ वर्षांची सृष्टी आली, निरखून बघायला लागली.

"तू नाशिकरोडची आजी ना? तू आमचं स्टेटस बघतेस. आई रोज सांगते मला, आजीनं बघितलं म्हणून."

लताबाईंनी निकिताकडं बघितलं. निकिता खाली बघत होती.

अश्विन आतल्या खोलीतून शर्टाची बटणं लावत आला. दुसऱ्या पाळीला निघायची तयारी चालली होती. कानाजवळ केस पिकले होते. चालताना खांदा थोडा पुढं, अगदी धोंडीरामांसारखा. आईला बघून तो थांबला. ओरडला नाही, हसला नाही.

"बस," म्हणाला.

लताबाई खुर्चीच्या टोकावर टेकल्या. निकितानं पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर भांडं हातातच धरून त्या म्हणाल्या, "मी काही मागायला नाय आले. एक विचारायचंय. सोडले का?"

स्वयंपाकघरातला नळ चालू होता, तो निकितानं बंद केला. अश्विन बराच वेळ मनगटावरचं घड्याळ बांधत राहिला.

"तीनदा गेलो पुलावर," तो शेवटी म्हणाला. "गाडी बाजूला लावली. डबा हातात घेतला. तीनदा."

"मग?"

तो आत गेला. कपाटावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यानं तो डबा टेबलावर ठेवला. स्टीलचा, कडीचा, एका बाजूला चेमटलेला. धोंडीराम तीस वर्षं थर्मलला नेत तो. झाकणावर दुकानातून घेतानाच कोरून घेतलेलं नाव, ठिपक्याठिपक्यांचं. धोंडीराम.

"त्या दिवशी हाताला आला तो उचलला," अश्विन म्हणाला. "पुलावर गेलो तेव्हा बघितलं. देव टाकले असते गं मी. बाबांचं नाव कसं टाकू पाण्यात?"

लताबाईंनी डब्यावर हात ठेवला. उघडला नाही. त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. आता रडून घ्यावं आणि उठावं, एवढंच बाकी होतं. पण उत्तर मिळालं होतं, आणि सात वर्षं आत अडकलेलं दुसरं काहीतरी वर येत होतं. ते बोललं तर आत्ता जेवढं उघडलंय तेवढंही दार बंद होईल, हे त्यांना कळत होतं.

"अश्विन, एक राहिलंय सांगायचं. त्या दिवशी निकिता मला म्हणाली होती. लगेच म्हणाली होती, डॉक्टरला बोलवू म्हणून. मी तिला गप केलं. बाकीच्यांना कळलं नाय, मला सांगितलेलं होतं. तरी मी गप केलं."

"जाऊ द्या ना आई," निकिता घाईनं दारातून म्हणाली.

अश्विननं बायकोकडं बघितलं. "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं? आधीच तुम्ही..." तिनं वाक्य सोडून दिलं.

अश्विननं नजर काढून घेतली. लताबाईंना वाटलं, संपलं. त्यांनी मान खाली घातली आणि मनातल्या मनात म्हणाल्या, घडव काय घडवायचं ते. मी माझ्याजवळ काही ठेवलं नाय.

अश्विन वळला आणि दाराशी बूट घालायला बसला.

सृष्टीनं तेवढ्यात पिशवी उचकली होती. "हे पिवळं काय?"

"भंडारा हाय बाळा. खंडोबाचा. आज त्याचा दिवस."

"काय करतात याचं?"

"तळी भरतात. ताटात घालून सगळ्यांनी मिळून उचलायचं, येळकोट म्हणायचं."

"भरू या ना! चार जण आहोत." तिनं बोटानं मोजलं. "आई, बाबा, मी, तू."

लताबाईंना हसू आलं, रडूही. "चार नाय चालत गं. विषम लागतात. तीन, नाहीतर पाच."

दाराशी अश्विन नाडी बांधत होता. त्याचे हात थांबले. तो पाठमोराच होता.

"मी निघालोच आहे," तो म्हणाला. नाडीची गाठ मारली. "तुम्ही तिघी आहात."

दार ओढून घेतल्याचा आवाज झाला, हलकासा.

निकितानं एक ताट धुऊन पुसून आणलं. विड्याची पानं नव्हती, सुपारी होती. खोबऱ्याची वाटी होती. लताबाईंनी डब्याची कडी काढली. पाचही टाक आत होते, एका जुन्या हातरुमालात गुंडाळलेले, काळे पडलेले. खंडोबाच्या घोड्याचं तोंड ओळखूही येत नव्हतं. त्यांनी ते पदरानं पुसून टेबलावर मांडले, भंडारा ताटात सोडला, आणि तिघींनी ताट धरलं. सृष्टीला ते धरायला हात उंच करावे लागले.

"जोरात म्हण हं."

"येळकोट येळकोट जय मल्हार!" सृष्टी अशी ओरडली की समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं. एकदा. दुसऱ्यांदा ताट वर जाताना लताबाईंनी ते मध्येच धरून ठेवलं. इथंच तर ते कलंडलं होतं. निकितानं आपली बोटं त्यांच्या बोटांवर आणून घट्ट धरली. तिसऱ्यांदा.

ताट खाली ठेवलं, तेव्हा खाली पार्किंगमध्ये मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

लताबाईंनी निकिताकडं बघितलं. अश्विनला घरातून निघून चांगली दहा मिनिटं झाली होती. लताबाईंनी सुनेच्या कपाळाला भंडारा लावला, मग नातीच्या. सृष्टीनं दोन्ही हातांनी आजीच्या कपाळावर एवढा माखला की तो भुवईवरून डोळ्यात गेला.

*

संध्याकाळी नाशिकरोडला उतरून त्या गल्लीत आल्या तेव्हा विमलाबाई पायरीवर होत्या.

"आणले का देव?"

"हायेत," लताबाई पायरीवर बसल्या. "तिथंच ठेवले."

"अगं, का?"

"तिथं लागतील. सृष्टी म्हणाली, मी रोज हळद लावीन."

"आणि अश्विन? काय म्हणाला?"

"काही नाय. कामावर गेला."

"परत ये म्हणाला?"

"नाय."

विमलाबाईंनी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. "तोंड धू आधी," म्हणाल्या. "सगळं पिवळं झालंय."

लताबाईंनी तोंड धुतलं नाही. कुलूप उघडलं. घर सकाळी सोडलं तसंच होतं. ओट्यावर निवडलेल्या पातीची मुळं, खाटेवर एकच उशी. आज त्यांनी टीव्ही लावला नाही. देव्हाऱ्यातलं लाल कापड झटकून पुन्हा अंथरलं आणि गडद डाग होते तिथं तिथं बोटानं हळद टेकवली, पाच ठिकाणी. मग वात भिजवली.

मोबाईलवर काही आलं नव्हतं. उद्या येईल की नाही कुणास ठाऊक. सकाळी सहाला खानावळीत पोचायचं होतं, बाजरी चाळायची राहिली होती.

"तुला माहीत," त्या कापडाकडं बघत म्हणाल्या, आणि काडी ओढली.